वजनकाट्यावरचा डी आणि न्यूट्रॉनचा डी: एक कोटी पटींचा फरक, चूक कुठे?

घणसोली_१३एक्स

नमस्कार मंडळी. रसायनशास्त्रात पीएच.डी. करतोय, दुसरं वर्ष. राहायला घणसोलीत, कॉलेज ठाण्यात. विषय असा की झिओलाईट या सच्छिद्र पदार्थाच्या स्फटिकांतल्या सूक्ष्म पोकळ्यांमध्ये प्रोपिलीन वायूचे रेणू किती वेगाने पसरतात, म्हणजे त्यांचा डिफ्यूजनचा गुणांक 'डी' किती. तीन आठवड्यांनी प्रेझेंटेशन आहे आणि माझ्याकडे एकाच गोष्टीचे दोन आकडे आहेत.

पहिला आकडा आमच्या लॅबमधल्या काट्यावरचा. निर्वातात टांगलेल्या पारड्यात ३०० मिलिग्रॅम १३एक्स जातीच्या झिओलाईटची पावडर असते. वायू सोडला की वजन चढत जातं. शेवटी जेवढं वजन वाढतं त्याच्या निम्मं वाढायला साधारण चार मिनिटं लागतात. स्फटिकांचा व्यास २ मायक्रॉन, म्हणजे त्रिज्या १ मायक्रॉन. पुस्तकातलं सूत्र: डी = ०.०३ × त्रिज्येचा वर्ग ÷ निम्म्याचा वेळ. उत्तर १०^-१६ चौ.मी./सेकंदच्या आसपास.

दुसरा आकडा क्वासी-इलॅस्टिक न्यूट्रॉन स्कॅटरिंगचा, ज्याला सगळे क्वेन्स म्हणतात. ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीवर सरांना सहकार्य योजनेतून पाच दिवस मिळाले होते. तिथला डेटा फिट केला तर डी येतो १०^-९ च्या घरात. म्हणजे एक कोटी पट जास्त!

सरांचं म्हणणं, काटा डोळ्यांसमोर आहे, त्यावर विश्वास ठेव, न्यूट्रॉनचा आकडा तूर्त बाजूला ठेव. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे त्यांना सांगता येत नाही. कुणी या कामातलं असेल तर कृपया सांगा.

कळवा_खारेगाव

आधी एककं बघा. जुन्या पेपरांत डी चौ.सें.मी.मध्ये असतो आणि तुम्ही चौ.मी.मध्ये लिहिताय. दहा हजारांचा गुणक तिथेच येतो आणि तिथेच हरवतो. मी पॉलिमरवाला आहे, माझं एकदा नेमकं हेच झालं होतं. तरी एक कोटी फारच झाले. बहुधा फिटिंगमध्ये गडबड असावी.

घणसोली_१३एक्स

धन्यवाद. एककं तीनदा तपासली, दोन्हीकडे चौ.मी.च आहेत.

वाशी_खाडीकाठ

तुला 'तू' म्हणते, माझा धाकटा तुझ्याहून मोठा आहे. माझं सगळं काम न्यूट्रॉन स्कॅटरिंगमध्येच झालं, आता निवृत्त आहे. तुझा प्रश्न वाचला आणि चहा तसाच ठेवून लिहायला बसले, कारण हाच प्रश्न पन्नास वर्षांपूर्वी या क्षेत्रातल्या मोठ्या मोठ्या माणसांना पडला होता.

आधी एक उलटं गणित कर. न्यूट्रॉनचा १०^-९ खरा आहे असं धर आणि तुझ्याच सूत्राने निम्म्याचा वेळ काढ. ०.०३ गुणिले १०^-१२ भागिले १०^-९. येतात ३० मायक्रोसेकंद. तुझ्या काट्याचा वायूचा व्हॉल्व्ह उघडायलाच सेकंदभर लागत असेल. म्हणजे स्फटिकाच्या आत जे घडतं ते काटा पहिलं वाचन घेण्याआधीच उरकलेलं असतं. मग ती चार मिनिटं कशाची?

बरीचशी उष्णतेची. वायू शोषला की झिओलाईट गरम होतं, गरम झालं की कमी शोषतं, आणि निर्वातात टांगलेल्या पारड्यातून उष्णता बाहेर जायला फारशी वाट नसते. ती जसजशी जाते तसतसं वजन चढतं. तू जे मोजलंस त्यातला मोठा भाग हा ढिगाऱ्याच्या गार होण्याचा वेग आहे. उरलेला वेळ वायू पावडरीच्या ढिगात दाण्यांमधून झिरपण्याचा. आणि काही स्फटिकांच्या पृष्ठभागावर तोंडं अर्धवट बुजलेली असतात, तो अडथळा वेगळा.

ठाणे स्टेशनचंच बघ ना. प्लॅटफॉर्म दोनवर माणूस या टोकाहून त्या टोकाला चांगला भरभर चालतो. पण संध्याकाळी सात वाजता पुलाच्या जिन्याच्या तोंडाशी गर्दी तुंबलेली असते आणि बाहेर रिक्षाच्या रांगेपर्यंत पोचायला वीस मिनिटं लागतात. स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलावर उभं राहून, घड्याळ लावून कुणी म्हणालं की ठाण्यातली माणसं मिनिटाला पाच मीटर चालतात, तर घड्याळ बरोबरच आहे. मोजला गेला तो जिना.

१९७०च्या दशकात जर्मनीत योर्ग कार्गर यांनी एनएमआरच्या, म्हणजे चुंबकीय अनुनादाच्या, पल्स्ड फील्ड ग्रेडियंट पद्धतीने झिओलाईटच्या आतलं डिफ्यूजन थेट मोजलं. ते काट्यावरच्या आकड्यांपेक्षा कितीतरी पटींनी वेगवान निघालं. तोवर छापलेले बरेच आकडे पुन्हा तपासावे लागले. तेव्हा काट्यावर विश्वास ठेव म्हणणारे तुझे सर एकटे नाहीत, त्यांच्याआधी सगळं जग तसंच म्हणत होतं.

पण थांब. तुझ्या न्यूट्रॉनच्या आकड्यावरही मला प्रश्न आहे, आणि तो जास्त महत्त्वाचा आहे.

क्वेन्समध्ये काय होतं ते माझ्या पद्धतीने सांगते. ठरावीक ऊर्जेचा न्यूट्रॉन सॅम्पलवर आदळतो. अणू जागेवर स्थिर असेल तर न्यूट्रॉन जितक्या ऊर्जेने आला तितक्याच ऊर्जेने बाहेर पडतो आणि आलेखात शून्यावर टोकदार शिखर येतं. अणू भटकत असेल तर न्यूट्रॉन किंचित ऊर्जा घेतो किंवा देतो आणि शिखराचा पाया पसरतो. तो पसरलेला पाया म्हणजे आपलं सगळं भांडवल. जितकी चाल जलद तितका पसारा रुंद.

हायड्रोजन यात राजा आहे. त्याचा इनकोहेरंट क्रॉस-सेक्शन, म्हणजे एकेकट्या अणूची न्यूट्रॉन विखुरण्याची ताकद, ८० बार्न. सिलिकॉन, ऑक्सिजन, ॲल्युमिनियम यांचा जवळपास शून्य, सोडियमचा दीड-पावणेदोन. प्रोपिलीनच्या एका रेणूत सहा हायड्रोजन, म्हणजे ४८० बार्न. झिओलाईटचा सांगाडा गप्प बसतो आणि पाहुणा एकटाच बोलतो. म्हणून तर ही पद्धत या कामाला इतकी चपखल आहे. मला अजूनही याचं नवल वाटतं.

आता रुंदीकडे ये. एका कोनावरची रुंदी घेऊन डी काढला असशील तर तो आकडा आजच खोड. प्रत्येक कोन म्हणजे एक क्यू (न्यूट्रॉनचा संवेग किती बदलला त्याचं माप), आणि प्रत्येक क्यू म्हणजे वेगळ्या लांबीची पट्टी. क्यू १ प्रति अँगस्ट्रॉम असेल तर पट्टी सुमारे सहा अँगस्ट्रॉमची. मोकळं, अखंड डिफ्यूजन असेल तर शिखराची अर्धी रुंदी क्यूच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: ħ (प्लँकचा स्थिरांक भागिले २π) गुणिले डी गुणिले क्यूचा वर्ग. पाण्याने ताडून बघ. खोलीच्या तापमानाला पाण्याचा डी २.३ × १०^-९. क्यू १ ला अर्धी रुंदी येते १५० मायक्रो-इव्हीच्या (हे ऊर्जेचं एकक) आसपास. तुझ्या १०^-९ ला ती ६६ येईल, पूर्ण रुंदी १३२. ध्रुववरच्या क्वेन्स यंत्राची विभेदनक्षमता (यंत्र शिखराला स्वतःहून देतं ती जाडी) २०० मायक्रो-इव्ही, म्हणजे लहान क्यूवर तू यंत्राच्या स्वतःच्या जाडीच्या आतच शोधतोयस. ते जमतं, पण व्हॅनेडियमचं रन चांगलं लांब हवं, कारण यंत्राची जाडी त्यावरूनच कळते.

रेणू उड्या मारत जात असेल, म्हणजे एका जागी थोडा थांबतो आणि मग पुढच्या जागेवर टुणकन जातो, तर मोठ्या क्यूवर रुंदी वाढायची थांबते आणि आडवी होते. ती आडवी रेघ थांबण्याचा काळ सांगते. चडली आणि एलियट यांनी १९६१ साली हे मांडलं. तो आलेख तू काढलास का? रुंदी एका अक्षावर, क्यूचा वर्ग दुसऱ्यावर?

आणि मला ज्याची भीती वाटते ते दुसऱ्या टोकाला आहे, लहान क्यूला. १३एक्सची मोठी पोकळी सुमारे १२ अँगस्ट्रॉमची, तिच्या खिडक्या ७.४ च्या. रेणूची स्वतःची जाडी वजा केली तर त्याच्या केंद्राला फिरायला चारेक अँगस्ट्रॉम त्रिज्येचा गोल उरतो. रेणू त्या गोलात कोंडलेला असेल आणि आतल्या आतच फेऱ्या मारत असेल, तर क्यू साधारण ०.८ च्या खाली गेल्यावर रुंदी शून्याकडे उतरत नाही, एका आकड्यावर अडून बसते. सोबत मधलं टोकदार शिखरही शिल्लक राहतं. गोलात कोंडलेल्या कणाचं हे गणित व्होलिनो आणि दियानू यांनी १९८० मध्ये केलं. तसं असेल तर तुझा १०^-९ हा रेणूचा खोलीतल्या खोलीतला वावर आहे. घर बदलण्याचा वेग तो नव्हे, आणि तुझ्या प्रबंधाचा विषय तर घर बदलणं आहे.

शिवाय प्रोपिलीन स्वतःभोवती गिरक्याही घेतं, त्याचा आणखी रुंद पसारा खाली अंथरलेला असतो. एकच लॉरेंझियन (पसाऱ्याला बसवतो तो घंटेसारखा वक्र) टाकून फिट केलंस की दोन?

घणसोली_१३एक्स

मॅडम, काय बोलू. दोनदा वाचलं, ३० मायक्रोसेकंदांचं गणित वहीत उतरवून घेतलं. खरं सांगतो, लॉरेंझियन एकच टाकला होता आणि सगळ्या कोनांवरच्या डीची सरासरी घेतली होती. रुंदीचा आलेख काढलाच नाही. आज रात्री बसतो. काट्यावर काय करून बघू?

वाशी_खाडीकाठ

ढीग कमी कर. ३००ऐवजी १००, मग ३० मिलिग्रॅम, पारड्यावर पातळ पसरून. डी पदार्थाचा असेल तर वेळ बदलायला नको. बदलला तर तू ढीग मोजत होतास. सरांपुढे आकडे ठेव, वाद घालायची वेळच येणार नाही.

आणि एक विचारायचं राहिलं: सॅम्पल भरलंस कुठे, कसं, आणि कुठल्या महिन्यात?

घणसोली_१३एक्स

ऑगस्टमध्ये. पावडर आमच्याकडेच ३५० अंशांवर रात्रभर निर्वातात भाजली, मग होल्डरमध्ये भरली. भरताना पाचेक मिनिटं उघडी होती. पाऊस होता. का?

वाशी_खाडीकाठ

म्हणूनच विचारलं.

मी तिशीत असताना एका कॉलेजच्या लॅबमध्ये असंच सॅम्पल भरलं होतं. जुलै होता, चार दिवस सूर्य दिसला नव्हता, भिंतींना ओल होती. पाच ग्रॅम झिओलाईट, छान भाजलेलं, पांढरंशुभ्र. ॲल्युमिनियमचा चपटा होल्डर, कडेला इंडियमच्या तारेचं सील. इंडियम १५७ अंशांना वितळतं, त्यामुळे एकदा बंद केलेला होल्डर पुन्हा भाजता येत नाही. तार खाचेत नीट बसेना. मी ती काढली, पुन्हा घातली, स्क्रू आळीपाळीने आवळले. दहा मिनिटं गेली असतील. पावडर दिसायला तशीच होती, मला काहीच वेगळं जाणवलं नाही.

डेटा सुंदर आला. मधलं टोकदार शिखर अपेक्षेपेक्षा उंच होतं. मी टिपण लिहिलं की पाव भागाहून जास्त रेणू पोकळीत अडकून पडलेत, हलतच नाहीत. आठवडाभर मी त्या आनंदात होते. मग वहीतली वजनं पुन्हा मांडली. रिकामा होल्डर, भरलेला होल्डर, वायू दिल्यावरचा होल्डर. पाव ग्रॅमचा हिशेब लागेना. ते पाणी होतं. कोरडं १३एक्स स्वतःच्या वजनाच्या चौथ्या हिश्शाएवढं पाणी पितं, आपल्याकडच्या जुलैत तर हावरटासारखं. पाव ग्रॅम पाणी आणि अर्धा ग्रॅम प्रोपिलीन यांतले हायड्रोजन मोज: दर साडेतीन हायड्रोजनमागे एक पाण्याचा निघतो. झिओलाईटमधल्या सोडियमला चिकटलेलं पाणी मंद असतं, त्या यंत्राला ते थांबलेलंच दिसतं. माझे 'अडकलेले रेणू' म्हणजे पावसाळी हवा होती.

ते टिपण कुठे गेलं नाही, वेळेत कळलं. पण न्यूट्रॉनचे दोन दिवस गेले ते गेलेच, आणि यंत्रावरची पुढची पाळी सात महिन्यांनी आली.

तुझी पाच मिनिटं झाली आहेत. वजनं नोंदवली आहेस का?

माजिवडा_एमडी

मॅडमच्या लिखाणात भर घालण्यासारखं फारसं नाही. मी संगणकावर रेणूंची मॉलिक्युलर डायनॅमिक्स करतो, त्या बाजूने दोन गोष्टी.

एक, हायड्रोजनवरून क्वेन्स जो देतं तो सेल्फ-डिफ्यूजनचा डी, एकेका रेणूच्या भटकंतीचा. काटा देतो तो ट्रान्सपोर्टचा, म्हणजे दाट भागाकडून विरळ भागाकडे होणाऱ्या वाहतुकीचा. पोकळ्या भरलेल्या असतील तर या दोघांत काही पटींचा, कधी त्याहूनही मोठा फरक रास्तच असतो. एक कोटींचा खुलासा त्याने होणार नाही, पण प्रेझेंटेशनमध्ये हे दोन डी एका रकान्यात मांडू नका.

दोन, सिम्युलेशन केलंत तर डीशी डी ताडू नका. सिम्युलेशनमधल्या हायड्रोजनच्या वाटांवरून थेट न्यूट्रॉनला दिसेल तो वर्णपट काढा, यंत्राची जाडी त्यात मिसळा आणि मग डेटावर ठेवून बघा. मॉडेल निवडण्याची कटकट बरीच कमी होते. सांगाडा मात्र लवचीक ठेवा. ताठ ठेवला तर खिडकीतून जाण्याचा वेग चुकू शकतो.

घणसोली_१३एक्स

बारा दिवसांनी येतोय, माफ करा. सगळं करून बघत होतो.

काटा: ३०० मिलिग्रॅमला चार मिनिटं, १०० ला दीड मिनिट, ३० ला पस्तीस सेकंद. पावडर तीच, स्फटिक तेच. सरांना आलेख दाखवला. त्यांनी पाच मिनिटं काही न बोलता पाहिला आणि म्हणाले, आणखी पातळ करता येईल का. मग आम्ही दोघांनी मिळून १० मिलिग्रॅमही केला, तर सतरा सेकंद. आता त्यांनाच यात रस आलाय.

न्यूट्रॉन: दोन लॉरेंझियन टाकले. अरुंद भागाची रुंदी क्यूच्या वर्गासमोर मांडली. मधल्या भागात सरळ चढते, मोठ्या क्यूवर वाकून आडवी होऊ लागते. पण सगळ्यात लहान दोन कोनांवर खाली उतरतच नाही, जवळजवळ आडवी. मॅडम, तुम्ही म्हणालात तेच. मी खोलीतला वावर मोजलाय.

वजनं नोंदवली होती, सुदैवाने. हिशेब ८० मिलिग्रॅमने चुकतोय.

आता घर बदलण्याचा वेग मिळवायचा तर काय करू? ध्रुववर पुन्हा जाऊ की बाहेर अर्ज करू?

वाशी_खाडीकाठ

ते दोन आडवे बिंदू लपवू नकोस. प्रेझेंटेशनमध्ये ते मोठे करून दाखव, तुझ्या कामातली सगळ्यात चांगली गोष्ट तीच आहे.

पुढचा हिशेब सोपा आहे. पोकळीतून पोकळीत जाण्याचा डी समजा १०^-१० असेल, तर क्यू १ ला अर्धी रुंदी साडेसहा मायक्रो-इव्ही. २०० च्या यंत्रावर ती दिसणार नाही, कितीही दिवस मोजलंस तरी. इंग्लंडमधल्या आयसिस न्यूट्रॉन केंद्राच्या आयरिस यंत्राची विभेदनक्षमता १७.५, अमेरिकेतल्या ओक रिजच्या बेसिसची ३.५, फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या आयएन१६बीची एकाच्याही खाली. तुझ्या कामाला आयरिस आधी. फार बारीक यंत्र घेतलंस तर त्याची ऊर्जेची खिडकीही अरुंद असते आणि जलद हालचाल तिच्याबाहेर जाते.

पण अर्जात ध्रुवचा डेटा जोड आणि अभिमानाने जोड. खोलीतला वावर तिथेच नीट मोजता येतो, आणि तो माहीत असल्याशिवाय आयरिसचा पसारा उलगडणार नाही. वाशीच्या पुलावरून लोकलने मुंबईकडे जाताना डावीकडे ट्रॉम्बेची टेकडी दिसते ना, तिच्या पायथ्याशी अप्सरा अणुभट्टी १९५६ साली सुरू झाली, १९६० साली सायरस, १९८५ साली ध्रुव. न्यूट्रॉन स्पेक्ट्रोस्कोपीसाठी १९९४ चं नोबेल ज्यांना मिळालं त्या ब्रॉकहाऊस यांच्याबरोबर पी. के. अय्यंगार यांनी १९५०च्या दशकात कॅनडात काम केलं आणि परत येऊन ट्रॉम्बेत न्यूट्रॉन स्कॅटरिंग उभं केलं. तू त्याच रांगेत उभा आहेस, मागचा पुढचा काही नाहीस.

८० मिलिग्रॅमचं काय करायचं ते सांगते. रिकाम्या, कोरड्या झिओलाईटचं रन घेतलं होतंस का? घेतलं असशील आणि तेही त्याच दिवशी तसंच भरलेलं असेल, तर पाण्याचा बराचसा भाग वजाबाकीत निघून जाईल. पूर्ण नाही, कारण प्रोपिलीन आल्यावर पाणी थोडं सरकतं. घेतलं नसेल तर टोकदार शिखराच्या उंचीवरून कुठलाही निष्कर्ष काढू नकोस, फक्त रुंदीवर बोल.

घणसोली_१३एक्स

घेतलं होतं, पण वेळ कमी पडत होता म्हणून दोनच तासांचं. फार खडबडीत आहे. रुंदीवरच बोलतो.

सर म्हणतायत पुढच्या पाळीसाठी अर्ज करू, पण तारीख पुन्हा पावसाळ्यातली मिळाली तर?

वाशी_खाडीकाठ

तारीख मिळाली की घे, पावसाळ्यातली असली तरी. पावडर भाजायची नळी आणि होल्डर एकमेकांना जोडूनच घे, म्हणजे भाजल्यावर ती हवेत यायलाच नको, निर्वातातच होल्डरमध्ये ओतता येईल. तुमच्या कॉलेजात काच फुंकणारं कुणी नसेल, तर रबाळे-महापेच्या एमआयडीसीत काचकाम करणारे शोध, चित्र काढून दिलंस तर करून देतील. ग्लव्ह बॉक्स (आत हातमोज्यांतून काम करायची हवाबंद, कोरडी पेटी) मिळाला तर त्याहून उत्तम. थर इतका पातळ ठेव की शंभरातले नव्वद न्यूट्रॉन न अडखळता पार जातील, नाहीतर एकच न्यूट्रॉन दोनदा आदळतो आणि रुंदी फसवी होते. वजनं चार वेळा घे, तारीख-वेळेसकट, पेनाने.

आणि पाळी लागली की पहिले आठ तास रिकाम्या कोरड्या झिओलाईटसाठी माग. वेळ वाया जातोय असं कुणीतरी म्हणेल. तरी माग.